डाव्या खांद्याचं माप

—नाही हो साहेब, मी वाकडा उभा नाही. ताठच आहे. डावा खांदा वर दिसतोय तो कोटामुळे, माझा नाही तो दोष. तुम्ही पुतळे करता, मी कपडे शिवतो — खांद्यातलं मी तुम्हाला शिकवायला नको आणि तुम्ही मला. आरशात बघा. छाती बसली? बसली. बाही मनगटावर आली? आली. मग झालं तर. कोट धाकट्या भावाचा, पण माप माझंच. घ्या लिहून — छाती चाळीस, खांदा अठरा, उंची माझी तीच त्याची. आणि खांदे दोन्ही सरळ. तेवढं सरळ करा बरं का. चौकात उभा राहणार आहे तो, सव्वापट उंचीचा. सैनिक म्हणजे सरळच हवा.

काय, त्याचं स्वतःचं माप? वहीत? ही घ्या वही, चाळा हवी तेवढी. अख्ख्या गावाची पोटं आहेत हिच्यात. बँकेच्या मॅनेजरचं पोट सहा वर्षांत कुठून कुठं गेलं ते तारखेसकट सांगतो. पण धाकट्याचं पान नाही सापडायचं. वडिलांचा नियम — गिऱ्हाइकाचं माप वहीत, घरच्याचं डोळ्यात. घरच्या माणसाला टेप लावायची नाही. मग मी काय करायचो, माझ्या मापानं दोन कापायचो. एक मला, एक त्याला. मला बसलं की त्याला बसलं. कधी तक्रार केली नाही त्यानं — बाकी कसलीच तक्रार करायचा नाही म्हणा, तीच तर त्याची खोड. सगळ्यांना आवडायचा. दूधवाला माझ्याशी हिशोबाचं बोलायचा आणि त्याच्याशी हसायचा. आता तर काय, मेल्या म्हशीला मणभर दूध! ज्या शिक्षकांनी त्याला दोनदा नापास केला ते परवा सभेत म्हणाले, पहिल्या दिवसापासून वेगळा होता. होता ना. वेगळा म्हणजे बाकावर झोपायचा.

हसू नका, हलतोय मी तुमच्यामुळे.

माझं पोट दुखतंय असं वाटत असेल तुम्हाला. दुखतंय. लपवू कशाला? सख्खा भाऊ युद्धात गेला आणि मी जळतो — माणूस आहे का राक्षस, म्हणाल. पण पुतळ्यावरून नाही हो जळत. पुतळा करा, हार घाला, रस्त्याला नाव द्या. माझं दुखणं निराळं आहे. जरा हळू बोला, पडद्याच्या आत ही बसलीय काजं-बटणं करत.

ही म्हणजे आमची बायको. लग्न होऊन आली तेव्हा तो चौदाचा होता. आई नव्हती आम्हाला, तेव्हा दिरापेक्षा पोरच जास्त — असं लोक म्हणायचे, मीही म्हणायचो. एकविसाव्या वर्षी भरती झाला. पत्रं यायची तिकडून. पाकिटावर नाव दुकानाचं, आत सगळं 'वहिनी, वहिनी'. दोन पानं वहिनीला आणि शेवटी एक ओळ — दादाला नमस्कार. ती मला वाचून दाखवायची. दाखवायची म्हणजे काय, मधेच थांबायची, मनातल्या मनात चार ओळी वाचायची, हसायची आणि पुढं सुरू. मी म्हणायचो, काय गं? ती म्हणायची, काही नाही, भाऊजींचं आपलं काहीतरी. अहो, काहीतरी म्हणजे काय? मी नवरा ना? एका छपराखाली तेरा वर्षं राहून माझ्या कुठल्या वाक्याला ती अशी हसली असेल तर शपथ.

आणि बातमी आली त्या दिवशी — वर्दीतले दोन गृहस्थ दारात उभे. मी मूर्ख, मला वाटलं गिऱ्हाईक. गळ्यात टेप होतीच, म्हटलं या, कुणाचं माप द्यायचंय? त्यांनी टोप्या काढल्या. आणि ही आतून आली, त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि मटकन खाली बसली. इस्त्री तशीच कापडावर. मॅनेजरची पॅंट जळली, धूर झाला, तरी कुणी उठेना. मला कळायच्या आधी तिला कळलं, बघा. रडली मात्र नाही. त्यानंतर पाच महिने झाले, त्याचा विषय म्हणून तोंडातून नाही. रडली असती तर बरं होतं. रडणारं माणूस समजतं. न रडणाऱ्याच्या मनात काय आहे ते कसं शोधायचं?

खांदा. हो, खांद्याचंच सांगतोय. टेप काढू नका, थांबा.

त्याची ट्रंक आली. त्यात हा कोट. परेडचा — कापड तिकडचं, शिलाई माझी. नेहमीप्रमाणं माझ्या मापानं कापलेला. म्हटलं, एकदा अंगात घालून बघू. घातला तर आता दिसतंय तसंच — डावीकडं उंचवटा. म्हटलं माझ्या हातून अशी चूक? शक्यच नाही. अस्तर उसवलं. आत बघतो तर डाव्या खांद्याला माझ्या पॅडवर आणखी एक पॅड. बोटभर जाड. आणि टाके मशीनचे नाहीत, हातचे — बारीक, तिरके, प्रत्येक चौथ्या टाक्याला गाठ. टाका बघितला की हात ओळखतो आम्ही. हिचा हात.

म्हणजे कळलं का तुम्हाला? धाकट्याचा डावा खांदा उतरलेला होता. बोटभर. मी शिंपी! तीस वर्षं माणसांचे खांदे बघतोय, रस्त्यानं जाणाऱ्याचा खांदा पाठीमागून सांगतो. सख्ख्या भावाचा मला दिसला नाही. दिव्याखाली अंधार! आणि हिला दिसला. नुसता दिसला नाही, किती ते दिसलं — बोटभर म्हणजे बोटभर, ना कमी ना जास्त. मला न सांगता कोट उसवला, भरला, परत शिवला. टेपशिवाय बोटभर कसं कळतं हो एखाद्या बाईला? किती वेळ बघावं लागतं? कुठून बघावं लागतं? विचारलं नाही मी. कसं विचारणार? काय उत्तर येईल याची भीती वाटते. अस्तर पुन्हा शिवून टाकलं, तिला न कळता.

म्हणून म्हणतो, खांदे सरळ करा. माझे करा. ती रोज बाजाराला त्या चौकातूनच जाते. उतरलेला खांदा केलात तर ती रोज त्याला बघेल. आणि सरळ केलात — सरळ केलात तर तिथं मी असेन. चेहरा त्याचा असू दे, चालेल. पण मानेखाली मी. आणि मी लांब उभा राहून बघणार आहे, ती थांबते का. थांबून डावीकडं बघते का. मग मला काय कळायचं ते कळेल. हे काही बरोबर नाही, ठाऊक आहे मला. तुम्ही आकडे लिहा.

—काय गं? चहा मागितला नव्हता. ठेव तिथं, जा. काम चाललंय... साहेबांना सांगायचंय? तुला काय सांगायचंय, मी सांगितलं सगळं.

डावा बोटभर खाली.

ऐकलंत? पाच महिन्यांनी बोलली. माझ्यासमोर, परक्या माणसाशी. सगळं ऐकत होतीस ना आतून? बरं झालं. मग आता तूच सांग — तुला कसं कळलं? मी त्याच्या शेजारी झोपलो लहानपणी, मला नाही कळलं आणि तुला — काय? कसले तागे? आपल्या दुकानाचे?

बसथांब्यावरून. हो, तोच आणायचा, मग कोण आणणार? शाळा सुटली की रोज एक तागा, कधी दोन... डाव्या खांद्यावर. सात वर्षं, भरती होईपर्यंत. शाळेत होता तोवर उजव्या हातात दप्तर. आणि तू खिडकीतून बघायचीस. मी? मी मशीनवर होतो. मान खाली घालून. मी ओरडायचो ते आठवतंय मला, पाय उचल म्हणून, गिऱ्हाईक खोळंबलंय म्हणून.

मग मला सांगायचं नाही? तूही नाही, तोही नाही?

त्यानं सांगितलं होतं, सांगू नका. दादाला वाईट वाटेल.

...तुला सांगितलं. मला वाईट वाटेल हेसुद्धा त्यानं तुलाच सांगितलं.

साहेब, माझे आकडे खोडा. ही सांगेल ते लिहा — नाही, आज नको, उद्या या. कोट राहू दे माझ्या अंगात, मी काढीन नंतर. अहो, जा ना. चहा कसला पिताय, जा.