ड्रोन उतरायच्या जागेवर काका

अगं, तुला आमच्या काकांचं सांगितलंच नाही! मी ड्रोन चालवायला शिकून पेडगावला आले आणि पहिली फवारणी घरच्या तुरीवर ठरली. नीट जमली तर गावचं काम मिळणार; नाहीतर काका सगळ्यांना सांगणारच, "पोरीच्या हातात यंत्र देऊ नका." म्हणून सगळी भावकी बांधावर हजर!

फवारणी झकास चालली होती. मी रिमोटवरून नजर हलवत नव्हते. बॅटरी उतरत आली तसा ड्रोन आपोआप परत फिरला, जिथून उडाला होता तिथंच उतरायला. बघते तर मी झाडून ठेवलेल्या त्या जागेवर काका मांडी घालून बसलेले.

"काका, उठा! तो तिथंच उतरायलाय!"

"त्याला सांग, बाजूला उतर. मोठा कोन हाय, मी का त्यो?"

"त्याला वय कळत न्हाई, काका!"

पंख्यांच्या वाऱ्यानं टोपी उडाली, तसे काका धोतर सावरत पळाले. ड्रोन अलगद टेकला. माझा जीव भांड्यात पडला.

सगळे हसायला लागले, तर काका धूळ झटकत म्हणाले, "दात काय काढायलाव? म्या त्याची जागा धरून बसलो व्हतो. पोरी, उद्या माझ्या रानात आण त्याला."