शेख सरांचा पिवळा टॉवेल

मंडळी, मागं जागा आहे, बसून घ्या. या शोकसभेत मला बोलायला सांगितलंय खरं. पण माझं आयुष्य यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं. एवढ्या शांततेत मला सुचत नाही. शेख सरांचं मी जे पाहिलं, तेवढंच सांगतो.

भवानी पेठेत माझा टॉवेलचा कारखाना. सर शेजारी राहायचे, कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. आमच्या बोअरच्या पाण्यात लोखंड लई. पांढऱ्या टॉवेलवर पिवळे डाग यायचे. सर म्हणाले, "मालक, परमँगनेट टाकू, ती जांभळी पूड. लोखंड गाळ होऊन खाली बसेल." किती टाकायचं ते त्यांनी समीकरण मांडून काढलं. आधी अणू जुळवले, मग दोन्हीकडचा विद्युतभार. पुन्हा तपासलं. मी तेवढं टाकलं. टॉवेल पिवळेच. सगळा माल परत आला.

मी म्हणालो, "राहू द्या सर. पाणीच तसलं हाय." ते ऐकतात कुठं? दुसऱ्या दिवशी आले आणि कारखान्याच्या फरशीवर खडूनं तेच समीकरण लिहिलं. म्हणाले, "मालक, हे बरोबर आहे. पण आम्लातलं आहे. वर्षानुवर्षं पोरांना तेच शिकवलं, हात तिकडंच गेला. तुमच्या बोअरमध्ये आम्ल कुठंय?" मग साध्या पाण्यासाठी नव्यानं मांडलं. आम्लात परमँगनेटचा एक कण लोखंडाच्या पाच कणांना पुरतो. साध्या पाण्यात तिघांनाच. म्हणजे आम्ही कमी टाकत होतो. पुढचा माल पांढरा निघाला.

इथं कुणीही गप्प बसलं असतं की. सरांनी माझा एक डागाळलेला टॉवेल मागून नेला. दरवर्षी हा धडा आला, की तो फळ्यावर लटकवायचे. आधी आम्लातलं समीकरण सोडवून घ्यायचे. "अणू जुळले?" जुळले. "भार जुळला?" जुळला. "मग हा टॉवेल पिवळा का? कारण तुमच्या सरांनी पाणी कसलं ते विचारलंच नाही." तुमच्यातल्या किती जणांनी हे ऐकलंय.

मी म्हणायचो, सर, तो द्या, नवा घ्या, माझ्या मालाची बदनामी होते. ते म्हणायचे, "तुमची नाही मालक, माझी होते. होऊ द्या."

काल भाभींनी, सरांच्या पत्नीनं, तो टॉवेल माझ्या हातात दिला. मला तो घरी ठेवता येईना. सरांचा वर्ग आता ज्या बाई घेणार आहेत, त्यांना मी तो आज देतोय. बाई, धुऊ नका. आणि डाग कुणामुळे पडला, तेही सांगत जा. सरांना ते हवं होतं.

शेजारी गेला, फार वाईट वाटतंय. आता उभे राहूया, जरा वेळ गप्प राहूया.

सर, येताना कारखान्यातलं पाणी बघून आलोय. स्वच्छ आहे.