रिकाम्या मागाचा आवाज

सोलापूर स्टँडवर, अक्कलकोटच्या रांगेत, सिद्धेश्वरीनं पुढं उभ्या म्हाताऱ्या विणकराला मोबाईलवर आपली हातमागावरची शॉर्टफिल्म दाखवली.

"कशी झालीय, नागप्पाकाका?"

"माग रिकामा चालवलाय, पोरी. सूत न्हाय त्याच्यावर."

"आवाजावरनं कळतं?"

"चाळीस वर्षं विणलंय की. कापड असलं की ठोका जड पडतो."

"फिल्ममधला उत्कर्षाचा नाच त्याच ठोक्यावर बसवलाय. शनिवारी स्पर्धा. परीक्षकांना काय कळणार?"

"त्यांना न्हाय. पण बघायला आमची मागावरची माणसं येणार की."

तिनं फोन लावला.

"महेश्वर, आवाज परत घ्यायचा. उद्या सकाळी माईक आण. उत्कर्षालाही घेऊन ये, नाच मागासमोरच बसवू."

बस लागली. नागप्पा रांगेतनं बाहेर पडले.

"काका, तुमची बस!"

"जाऊ दे. माझ्या मागावर सूत चढवायला आजचा दिस लागंल."