पाणी झटकणारं कापड

अरे, चिकलठाण्याच्या उन्हाळी शिबिरात माझी काय फजिती झाली, सांगतो. नववी-दहावीच्या पोरांना मी चित्रकला आणि नॅनो तंत्रज्ञान एकत्र शिकवत होतो. शेवटच्या दिवशी पालकांसमोर, पोरांनी रंगवून नॅनो लेप दिलेल्या कापडावर मी ऐटीत पेलाभर पाणी ओतलं. कापड कोरडंठाक, पाणी घरंगळून फरशीवर. मी टाळ्यांची वाट बघतोय, तर सगळ्यांची नजर त्या फरशीवर! दुष्काळाचं साल, टँकर आठवड्यातून एकदा यायचा.

एका पोरीचे आजोबा फुलंब्रीहून आले होते, खांद्यावर घोंगडी. शांतपणे म्हणाले, "सर, पाणी झटकायला आमची घोंगडी हाय की. चिंचोक्याची खळ लावली की झालं. तुम्ही पाणी धरून ठेवणारं कायतरी काढा."

पुढच्या शिबिरात मी ड्रॉपरनं दोनच थेंब टाकले. तेही खाली वाटी धरून.