सरळ न्हाई, वळवून बघा

...आन् म्हनं झीज झालीया! झीज! आरं, झिजायला मी काय चपलेचा तळ हाय का? तुमाला सांगतो, ह्या भिमाजीनं चाळीस वर्षांत घोडेगावचा शुक्रवारचा बाजार चुकवला न्हाई, पाऊस म्हना, ऊन म्हना, पोराचं लगीन म्हना... भटजीनं लगीन शुक्रवारी धरलं हुतं, म्या म्हनलं, दुसरी तारीख काढा, न्हाई तर नवरदेवाला बापाबिगर उभं करा! आन् काल-परवा जन्मलेली पोरगी मला फोटो दाखवून सांगती, "आजोबा, गुडघा झिजलाय." गुडघा माझा, त्याच्यावर चालतो मी, आन् बोलनार समदे!

आता तुमी इचारताल, बाजारात तुजं काम काय? ऐका. मी इकनारा न्हाई आन् घेनाराबी न्हाई. मी बघनारा! गडी बैल घ्यायला आला की आदी मला हुडकतो, "नाना, येवढे पाय बघा की." का? तर इकनारे लई बेरके. बैल लंगडत आसला तर त्याला मऊ मातीत उभा करत्याल, दुखरा पाय उंचवट्यावर ठेवत्याल, चालवायच्या टायमाला शेपूट पिळून असा पळवत्याल की लंगडनं दिसतच न्हाई. पन माज्याम्होरं न्हाई चालायचं! मी म्हनतो, सरळ न्हाई, वळवून बघा. सरळ चालीत कुनीबी जवान दिसतो, वळताना जनावर खरं बोलतं. आन् वय म्हनाल तर दात. दोन दाती, चार दाती, सहा दाती, आठ आले की तोंड भरलं, बैल जुळला. एकदा जुळला की त्याचं वय इचारायचं न्हाई, काम इचारायचं! बैलाला हा कायदा, मग मानसाला का न्हाई? मीबी जुळलो. झालं. मिटलं.

पन न्हाई! एक दिस बैलाचं खूर बघाया बसलो, आन् उठताना गुडघा जरा... आडला. जरासा! दोघांनी काखंत हात घालून मला उचललं, येवढंच. तर कुन्या भल्या मानसानं आमच्या रविराजला फोन केला. झालं, घरी आलो तर पोरगं ओट्यावर फौजदारावानी उभं. "नाना, उद्या शेवगावला दवाखान्यात. डॉक्टर म्हनल्या गुडघा गेला, तर बाजार बंद." बाजार बंद! आरं, मी तुजा बाप का तू माजा? आन् घरात बसून करू काय, टीव्हीतल्या बायांचं भांडान बघू? पन म्या म्हनलं, चल. येतो. बघू कोन कुनाला पास करतंय ते.

दवाखान्यात आमी तिघं. मी, रविराज, आन् पिशवी सांभाळायला आमची कारभारीन, रतनबाई. आत गेलो तर कोपऱ्यात टांगलेला हाडाचा सापळा! डोक्यापासनं नखापर्यंत. मग मी काय गप बसतो व्हय? आदी तोंड उघडून दात बघितले. बत्तीसच्या बत्तीस! म्हनलं, "बाई, गडी जवान दिसतोय, गेला कशानं?" डॉक्टर देवश्री म्हनून हाय, हसून म्हनली, "आजोबा, तो प्लास्टिकचा आहे." मग सांगाया लागली, अंगात दोनशे सहा हाडं, ही खुब्याची वाटी, ही गुडघ्याची, दोन हाडांमधी गादी, गादीत वंगन, वय झालं की वंगन आटतं, गादी झिजती, हाडाला हाड घासतं... म्या म्हनलं, "हाडाला हाड घासतं तर घासू द्या, बाई, शेजारी-शेजारी राह्यलं की भांडान व्हनारच!" तिनं काय ऐकलं न्हाई. म्हनली, "थोडं चालून दाखवा बरं."

आता आली का पंचाईत! पन चाळीस वर्षं लबाडी पकडनाऱ्याला लबाडी येत न्हाई व्हय? टेबलाम्होरं मऊ सतरंजी हुती, फरशी सोडली आन् सतरंजी धरली. चांगला पाय म्होरं टाकला. दुखरा आपला त्याच्या मागनं हळूच. आन् गेलो की तरातरा! पार खिडकीपत्तूर! शेपूट नव्हती, न्हाई तर पिळून घेतली आसती! डॉक्टरीन म्हनली, "अरे वा, चाल तर छान आहे." रविराजचं तोंड येवढुसं झालं. म्या मनात म्हनलं, शुक्रवारी बाजार! जिंकली!

तर तेवढ्यात मागनं आवाज. बाकड्यावरनं. आमच्या रतनबाईचा! "बाई, तसं न्हाई कळायचं. त्यांना वळवून बघा."

घरचीच फितूर हो! चाळीस वर्षं ज्या बाईला रोज रातच्याला जेवताना बाजार सांगितला, कोनता बैल कसा पकडला ते सांगितलं, तिनं माझंच शास्त्र माझ्यावर उलटवलं! डॉक्टरीन म्हनली, "आजोबा, वळा." आता खिडकीपाशी किती येळ उभा ऱ्हानार? वळलो. आन् वळताना खिडकीचं दार धरलं. धरावंच लागलं. मग फोटो काढला, फोटोत काय ते काळं-पांढरं, आन् झाला निकाल... झीज! गुडघा माझा, आन् बोलनार समदे, आता तर बायकोबी!

मी आसा भडकलो म्हनता! "तुला काय मिळालं गं? बाजार बंद झाला माझा! घरात बसून तुजी भांडी मोजू का?" तर ती थंडपने म्हनती, "मोजू नका. पन तिथं बैलांच्या पायाखाली पडलात, तर मला निरोप यील. मी पळत कशी येऊ?" म्या म्हनलं, "पळत कशी म्हंजी? पाय न्हाईत का तुला?" तिनं पिशवी उचलली आन् दाराकडं निघाली. सरळ गेली, चांगली गेली. आन् दारापाशी चपला घ्यायला... वळली.

तुमाला सांगतो, तीन तालुक्यांत आसा पाय बघितला न्हाई म्या! उजवा पाय उचलतच नव्हती बाई, वढून आनत हुती, कंबर एका अंगाला, हात भिंतीला, आन् तोंडावर काय बी न्हाई, जनू रोजचंच. रोजचंच हुतं ना ते! म्या इचारलं, "कधीपासनं?" म्हनली, "संस्कृतीच्या बारशापासनं." आमची नात संस्कृती आता सहावीत हाय! सहावीत! लोकांच्या बैलांचा पाय कुठं दुखतोय ते मी शंभर पावलांवरनं सांगतो, आन् माज्या घरात माज्याम्होरनं रोज ताट घेऊन चालनारी बाई... लाज वाटली मला. खोटं कशाला सांगू, लई लाज वाटली.

पन लाज वाटली म्हनून भिमाजी गप बसतो व्हय? वळलो डॉक्टरीनीकडं. "बाई, हिचा फोटो काढा!" रतनबाई म्हनती, "मला काय धाड भरलीया?" म्या म्हनलं, "काढा!" काढला. डॉक्टरीन फोटो बघून म्हनली, "आजोबा, आजींचा तुमच्यापेक्षा जास्त खराब आहे. गादी उरलेलीच नाही. ऑपरेशन करून सांधा बदलावा लागेल." रतनबाईनं पदर खोचला, "नको गं बाई, मी तीन महिने पडून राह्यले तर घरात भाकरी कोन टाकील? सून रुपाली सकाळी सातला शाळेवर जाती!" आन् मी तावात... तुमी सांगा, तावात मानूस काय बोलतो ते त्याला तरी कळतं का?... छाती ठोकून म्हनलं, "मी टाकीन!"

रविराज म्हनला, "नाना, तुमी?" डॉक्टरीन म्हनली, "आजोबा, तुम्ही?" तो प्लास्टिकचा गडीसुदिक दात काढून बघत हुता! आता समद्यांनी आसं बघितल्यावर माघार घ्यायची? छ्या! म्हनलं, मी! भाकरी, कालवन, दोन म्हशींची धार, समदं मी!

झालं हो ऑपरेशन. नगरला. बरं झालं. आन् मी लागलो ना कामाला! चुलीपाशी बसता येत न्हाई, मांडी मोडत न्हाई, म्हनून उभ्यानं, गॅसम्होरं, एक हात वट्यावर टेकून. पहिली भाकरी दारातल्या कुत्र्याला टाकली, त्यानं हुंगली, माज्याकडं बघितलं, आन् शेजारच्या दारात जाऊन बसलं. पन सोडलं न्हाई म्या! महिन्यात भाकरी फुगाया लागली. गुडघा? दुखतो की! दुखू दे. गुडघा माझा, त्याला कळतंय कोन मालक हाय ते. रविराज म्हनतो, नाना, आता तुमचा नंबर. म्या म्हनलं, आदी ही नीट चालू दे, मग बघू.

आन् ती चालली! काठी सुटली, कंबर सरळ झाली. चवथ्या महिन्यातला शुक्रवार, सकाळी सकाळी टेम्पो घेऊन आमच्या गावातला गोरक्षनाथ दारात. "नाना, चला, खिलारी जोडी बघायचीय!" आन् माजे दोनी हात पिठात, तवा तापलेला, पाय भरून आलेला. तवर रतनबाई चपला घालून बाहीर. "त्यांना राहू दे, मी येते." मी बघतच राह्यलो! टेम्पोत बाई चढली कशी, सांगतो, आधार न घेता!

दुपारी आली. जोडीतला डावा बैल मागल्या खुरात दुखावलेला हाय, म्हनून तिनं सौदा मोडला हुता. इकनारा लई भांडला म्हनं, जनावरांचा डॉक्टर बोलावला, आन् डॉक्टर म्हनला, बाई बरोबर हाय. साऱ्या बाजारात बोभाटा!

तवापासनं दर शुक्रवारी दारात लोक. कुनी नेवाशाचा, कुनी शेवगावचा. मी ताठ उभा ऱ्हातो, येवढं गळ्यातलं उपरनं नीट करतो, म्हनतो, "या, बोला." तर ते माज्या खांद्यावरनं आत बघत्यात आन् इचारत्यात, "काकू हायेत का?"

काय करता... म्हनतो, "हायेत. बसा. भाकर खाऊन जा."