चपलांची रांग

उचगावच्या जयाबाईंनी नातीच्या जन्मदाखल्यासाठी सकाळी सातलाच महापालिकेच्या खिडकीपुढं नंबर धरायला आपल्या चपला मांडल्या होत्या. त्यांच्यामागं माझ्या. दहाला शिपाई झाडू घेऊन आला.

"अरं अरं, चपला कुठं ढकलतोस?" जयाबाई ओरडल्या.

"आक्का, रांग कमी करा म्हणून ऑर्डर आलीया. सायबांना फोटो पाठवायचाय."

"मग दुसरी खिडकी उघडा की!"

"माणूस न्हाय."

"व्हय? चपला हलवायला बरा माणूस मिळतोय! आज दाखला न्हाय मिळाला तर पोरीचं ॲडमिशन जातंय."

"मग मागं उभं ऱ्हावा."

"कुणाच्या मागं? सगळ्यांच्या चपलांचा ढीग केलास की!"

"फोटोतनं तरी बाजूला व्हा, आक्का!"

जयाबाई अनवाणीच खिडकीला जाऊन भिडल्या.

"चपला उचलल्यास न्हवं? आता मला उचल."

मीही अनवाणीच त्यांच्या मागं उभी राहिले.