गोल बोटीचं तोंड कुठे?

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… अगं बेबी, तू होय! हा कुठला नंबर? मी विमावाले समजून उचलणारच नव्हते… बरं बरं, सुनेचा. बोल.

कुठला फोटो?… टोपीवाला?… हं. आला का तुझ्यापर्यंत. हो गं, तुझा दादाच आहे तो… नाही, बारीक नाही झाले, टोपी मोठी होती. पांढरी, सोनेरी पट्ट्याची… खाली काय लिहिलंय? वाच ना मोठ्याने… ‘पन्नास वर्षं पाण्यावर’? अगं बाई! ज्या माणसाला पोहता येत नाही तो पाण्यावर!… नाहीच येत! लग्न झालं तेव्हा शिकतो म्हणाले होते, अजून शिकतायत. जन्मभर लाकडी होड्या केल्या त्या शेडमध्ये, कोरड्या जमिनीवर. होडी पाण्यात सोडायची वेळ आली की गिऱ्हाईक पुढे आणि हे धक्क्यावर हात मागे बांधून.

थांब, पहिल्यापासून सांगते. पण मधे बोलायचं नाही… हो, ठाऊक आहे तू मधे बोलत नाहीस.

तर शुक्रवारी बोटींचं प्रदर्शन लागलं. त्या मोठ्या हॉलमध्ये. तुझ्या भाच्याच्या कंपनीचा स्टॉल होता… तीच कंपनी, फायबरच्या बोटींची. हो, जिच्यावरून घरात दोन वर्षं अबोला… अगदी अबोला नाही गं, माझ्यामार्फत बोलायचे. एका टेबलावर बसून. ‘त्याला विचार, पंखा कमी करू का.’ ‘त्यांना सांग, नको.’ मी मधे बसून जेवू कधी?

हो, त्यानेच तोडलं होतं. म्हणाला, ‘बाबा, तुमच्या होड्या आता कुणी घेत नाही. लोकांना वल्हवायचं नाहीये, बसायचंय.’ आणि चालता झाला. खोटं नव्हतं बोलला. पण हे त्याच दिवशी सहा महिने चाललेली होडी पुरी करून हात धूत होते. त्या दिवशी नको होतं ना बोलायला.

ऐक ना पुढे. गेल्या आठवड्यात हा स्वयंपाकघरात आला, माझ्याशी बोलायचं म्हणून उगाच भांडी पुसायला लागला. म्हणाला, आई, वर्षभरात माझ्याच्याने एक बोट विकली गेली नाही. साहेबाने सांगितलंय, या प्रदर्शनात एक तरी विक, नाहीतर दुसरीकडे बघ… हो ना. एवढा उंच पोरगा, पण तीच एक ताटली चारदा पुसली. म्हटलं, आपण काही करू शकत नाही, पण जाऊन उभं तरी राहावं.

ह्यांना?… ह्यांना सांगितलं चष्म्याचा नंबर काढायला जायचंय… मग काय करू! सरळ सांगितलं असतं तर आले असते? पण ह्यांना जवळचं दिसत नाही, लांबचं चक्क दिसतं. बसमधूनच पाटी वाचली. ‘हे चष्म्याचं दुकान?’ म्हटलं, आत आहे.

आत? आत काय विचारू नकोस. शंभर-सव्वाशे बोटी आणि सगळ्या गालिच्यावर. पाणी म्हणशील तर बाटलीतलं. प्रत्येक बोटीपाशी जिना आणि जिन्यापाशी पाटी, ‘बूट काढा’. मोज्यांच्या वासानेच बोट लागायची कुणाला… हस, हस.

आणि बोटी तरी कसल्या! सोफे, फ्रिज, भांडी घासायला मोरी. पेला ठेवायला भोकं असतात ना, ती मी एका बोटीत मोजली. बसायला बारा माणसं आणि भोकं बावीस! माणसागणिक दोन पेले धरले तरी दोन पेले हातातच… बुडाला पाण्याखाली जळणारे दिवे. माशांना वाचायला असतील. एक बोट विजेवर चालणारी, अजिबात आवाज नाही तिचा. विकणारी मुलगी कौतुकाने सांगत होती, वाऱ्याचा आवाज ऐकू येतो. आणि लगेच म्हणते, ‘आवाजाची सवय असेल तर इंजिनाचा आवाज काढणारा स्पीकर वेगळा मिळतो.’ देवाशप्पथ! मी ऐकलं या कानांनी.

हे? हे नुसते हात फिरवत चालले होते. एका ठिकाणी मात्र गुडघ्यावर बसले. लाकडी जमीन होती बोटीची, सुरेख. ह्यांनी नखाने दाबली तर नख आत! रबर गं. रबरावर लाकूड छापलेलं. मग ह्यांनी मला बोलावलं. ‘ही गाठ बघ. आता ही बघ. आणि ही.’ दर दोन फुटांवर तीच गाठ. म्हणाले, ‘बिचारं झाड. आयुष्यभर एकच गोष्ट आठवत राहिलं.’

आणि एक तर अशी, की पोटात पाणी भरून घेते. मुद्दाम! जड व्हावी म्हणून. म्हणजे मागे मोठी लाट उठते आणि त्या लाटेवर फळी घेऊन नाचायचं. बेबी, तुझ्या दादाचा चेहरा बघायला हवा होतास. ‘मी पन्नास वर्षं होडीचं पोट रंध्यानं तासतोय, पाणी हलू नये म्हणून.’ तो विकणारा म्हणाला, ‘काका, आता पाणी हलवायचीच फॅशन आहे.’

हो, हो… येतेय ना त्याच्यावर. लेकाचा स्टॉल शेवटच्या रांगेत. टाय लावतो आता तो. आम्हाला बघितलं आणि पांढराफटक. मला म्हणाला, ‘आई, त्यांना सांग, कशाला हात लावू नका.’ ह्यांनी ऐकलं. लगेच लावला.

त्याची मोठी बोट होती मधोमध, दोन मजली, वर घसरगुंडी. आणि कोपऱ्यात एक, काय सांगू, गोल! परातीसारखी. मधे टेबल, भोवती बाक, टेबलाखाली कुठेतरी विजेची मोटर. हे तिच्याभोवती दोनदा फिरले. म्हणाले, ‘हिचं तोंड कुठे?’ … तेच ना! पुढचं टोकच नाही. लेक माझ्याकडे बघून म्हणाला, ‘सांग, हिला तोंड नसतं.’ मग हे माझ्याकडे बघून म्हणाले, ‘विचार, मग कुठे जायचं हे कसं ठरवतात?’ तो टाय सरळ करायला लागला. तेवढ्यात साहेबाने बोलावलं म्हणून तो गेला.

आणि नेमकं तेव्हा ते जोडपं आलं. बाई दातांची डॉक्टर. नवरा कोण ते कळलं नाही, तो फोनमध्येच होता. सकाळपासून लेक त्यांच्या मागे होता, मोठ्या बोटीसाठी. जवळजवळ ठरलेलं. ह्यांना बघून बाई म्हणाली, ‘तुम्ही जाणते दिसता. ही बोट कशी?’

काय सांगणार! खरं तेच. तुझा दादा कधी… हो. म्हणाले, ‘बोट म्हणून वाईट. वारा आला की कागदासारखी फिरेल.’ मी मागून सदरा ओढतेय. बाई म्हणाली, वाऱ्यात आम्ही जाणारच नाही. हे म्हणाले, ‘लाटेत डोलेल.’ ती म्हणाली, लाटेतही नाही, तळ्यात धक्क्यापासून वीस हातांवर नुसती उभी करणार. ‘मग बोट कशाला? सोफा घ्या.’

अगं, मला वाटलं, गेली पोराची नोकरी. पण ती बाई नवऱ्याच्या फोनकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, ‘काका, घरी आम्ही चौघं चार खोल्यांत असतो. सोफ्यावरून माणूस उठून जातो. पाण्यात कुणाला उठून जाता येत नाही ना.’

… हो ना गं. मलाही तसंच झालं. ह्यांनी त्या मोठ्या बोटीकडे बघितलं. मग म्हणाले, ‘मग ही घेऊ नका. हिला वर मजला आहे, एक जण वर जाऊन बसेल. ती गोल घ्या. तोंड नाही हे खरं. पण आत बसणाऱ्यांची तोंडं एकमेकांकडे होतात.’

घेतली! उभ्या उभ्या! नवऱ्याने फोनमधून मान वर करून विचारलं, ‘काय घेतलं?’

आणि हा परत आला, मागे साहेब. मोठ्या बोटीचं गिऱ्हाईक गोल बोटीच्या कागदांवर सह्या करतंय. पोराने बापाकडे जे बघितलं… नाही, ओरडला नाही. ओरडला असता तर परवडलं असतं. पण साहेबाला कसला आनंद झाला म्हणतेस! का, तर त्या गोल बोटी बारा पडून होत्या गोदामात. तीन वर्षांत एक खपली नव्हती. त्याने तिथल्या तिथे पाटी लिहून घेतली, ‘कुटुंबाची बोट: नवा जमाना, नवा आकार’. म्हणजे दहा मिनिटांपूर्वी तो आकार अडगळ होता आणि आता जमाना! आणि कुठूनशी ती टोपी आणून ह्यांच्या डोक्यावर. फोटो. ‘कप्तान’ म्हणे.

का काढू दिला? मीही तेच विचारलं. निघताना लेक सरळ ह्यांच्याशी बोलला गं. मधे मी नाही. म्हणाला, ‘बाबा, उद्या येता का?’ हे म्हणाले, ‘चष्म्याचं राहिलंय.’ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याआधी तयार होऊन दारात. दोन दिवस टोपी घालून उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, बोट म्हणून ही वाईट आहे. सात खपल्या.

… हो, ठेवलं. नोकरीवर ठेवलं. गोल विभागाचा प्रमुख केलंय. पण थांब, खरी गंमत कालची.

काल ती बोट डॉक्टरीणबाईंना तळ्यावर पोचवायची होती. लेकाने ह्यांना नेलं, मीही गेले. बाई, नवरा, दोन मुलं. मुलगी कानात ती गाण्याची बोंडं घातलेली, मुलगा चेहरा पाडून. आणि बाईंना कोण उत्साह! वीस हातांवर उभी करणार होत्या ना? सोडली! गेली की गिरक्या घेत तळ्याच्या मधोमध. गाणी लावलेली, फ्रिज चालू, भर दुपारी खालचे दिवे चालू. आणि पाऊण तासात… बरोबर ओळखलंस. बंद. सगळी वीज गाण्यात आणि बर्फात संपली, मोटरला उरलीच नाही.

फोन आला, मदत करा. लेकाचा चेहरा उतरला. कंपनीची मदत यायला तीन तास. धक्क्याला ह्यांचीच एक जुनी होडी होती, कुणीतरी घेतलेली, आता नुसती शोभेला, आत फुलझाडांच्या कुंड्या. ह्यांनी कुंड्या उचलून बाहेर ठेवल्या. लेकाने टाय काढून माझ्या हातात दिला… हो! हे सुद्धा बसले! पोहता न येणारा माणूस! मी ओरडतेय, अहो, निदान ते फुगवायचं जाकीट तरी घाला. घातलं, उलटं.

दोघं वल्हवत गेले. गेले आणि गोल बोटीपाशी थांबले. मी बघतेय, दोरी बांधतील, ओढत आणतील. पण काहीच होईना. बोलत होते काहीतरी. मग ही होडी दहा-बारा हात मागे सरली आणि तिथेच उभी.

नंतर कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘अर्ध्या तासाने या.’ … अगं हो! गाणी बंद झाली, सगळ्यांच्या फोनची बॅटरी संपत आली होती, आणि मुलीने म्हणे सहा महिन्यांत पहिल्यांदा आपणहून काही सांगायला घेतलं होतं. शाळेतलं काहीतरी. नवरा ऐकत होता. बाईंनी ओठावर बोट ठेवलं आणि ह्या दोघांना हाताने परत लोटलं.

मग काय, अर्धा तास. हे दोघं समोरासमोर. कुठे जाणार? आणि मी नाही ना मधे, निरोप द्यायला!

नाही गं, लांबून काय ऐकू येणार. आधी दोघं वेगवेगळ्या दिशांना बघत होते.  मग लेकाने वल्हं उचललं, हातात तोललं, ह्यांना दाखवलं. ह्यांनी घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं… चष्मा! मग ह्यांचा हात हलायला लागला. लाकडाबद्दल बोलताना हलतो ना तसा. मी त्याचा टाय मुठीत धरून उभी. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं असेल, बाई रडतेय का काय.

विचारलं तर! रात्री जेवताना विचारलं, काय बोललात? म्हणाले, ‘काही नाही. वल्हं भिजून जड झालंय म्हणाला. नवीन करायला हवं.’ बस्स. दोन वर्षांनी एवढं बोलले, आणि हे!

आज?… आज सुट्टी आहे त्याला. सकाळपासून दोघं शेडमध्ये… हा, तोच आवाज येतोय तुला. मघापासून करवत चालली होती, आता… थांब जरा… भांडतायत! अगं, मोठमोठ्याने भांडतायत! तो म्हणतोय, दोन इंच कमी करा. हे म्हणतायत, तुला वल्ह्यातलं काय कळतं, जा गोल फीर… ‘तुम्हीच विकल्यात त्या गोल!’ … अगं बाई, काय तोंड त्याचं…

नाही, नाही, सोडवायला कशाला जाऊ?… गप गं, मला ऐकू येत नाहीये… अगं, तुझं नाही, त्यांचं! … हो, उद्या करते फोन. आत्ता ठेव. ठेव म्हणते ना, मला ऐकू दे.